हाडातला मगज

लडकूच्या रक्तात औषध नव्हतं. अगदीच नव्हतं असं नाही, पण यंत्रातून निघालेल्या कागदावर बाकीच्या रुग्णांच्या रेघा ताडासारख्या वर गेल्या होत्या आणि लडकूची रेघ अंग चोरून खाली बसली होती. बकुळाने तोच नमुना पुन्हा चालवून पाहिला. पुन्हा तेच.

"हा पोरगा औषध पीत नाही," विभागप्रमुख कागद बाजूला सारत म्हणाले. "पितो म्हणून सांगतो आणि मोरीत ओततो. नाव काढून टाक त्याचं अभ्यासातून."

"नाव काढलं तर त्याची बाटली बंद होईल, सर."

"जो पीत नाही त्याला बाटली कशाला?"

बकुळाने कागद उचलून घेतला. मग हळूच म्हणाली, "मी एकदा घरी जाऊन बघते. आमच्याच भिवंडीतल्या कामतघरचा आहे तो."

मुंबईच्या या मोठ्या इस्पितळात बकुळाचं काम होतं ते रुग्णांच्या रक्तातलं औषध मोजण्याचं. रक्ताच्या कर्करोगात रुग्णाचा सडलेला मगज औषधांनी जाळून टाकतात आणि सख्ख्या भावाबहिणीच्या हाडातला मगज त्याला देतात. तो रुजला तर माणूस वाचतो. पण रुजलेला मगज असतो परका. नव्या घरात आल्यावर त्याला ते घरच शत्रूचं वाटायला लागतं. मग तो कातडी सोलतो, आतडी फाडतो, यकृत बिघडवून अंग पिवळं करतो. त्याला आवरून धरणारं एक तेलकट, पिवळसर औषध तेव्हा परदेशातून बाटलीतून यायचं. ते कमी पडलं तर मगज मोकाट सुटतो आणि जास्त झालं तर मूत्रपिंडं जातात. आपल्या माणसांना, आपल्या खाण्यापिण्यावर त्याचं नेमकं किती माप लागतं, हे शोधण्यात बकुळाची चार वर्षं गेली होती. १९९१ साल होतं ते.

मगज देणाऱ्याला मात्र हे सारं सांगायचं नाही, असा वॉर्डातला रिवाज होता. बिचाऱ्याने आधीच कमरेच्या हाडात सुया खुपसून घेतलेल्या असतात, त्यात आणखी मनाला टोचणी नको, म्हणून. लडकूला मगज दिला होता त्याच्या थोरल्या भावाने, केसरीनाथने. भुलीतून जागा होताच पहिलं वाक्य बोलला होता, "पुरला का? न्हाय तर दुसऱ्या कुशीतनं काढा." नर्सेस हसल्या होत्या. चार दिवसांनी तो लंगडत कामतघरला कारखान्यात कापडाच्या लूमवर उभा राहिला. "काय केसरी, कंबर कुणी मोडली?" असं कुणी विचारलं की छाती काढून सांगायचा, "भावाला दिली."

हाच केसरीनाथ. मूळचं घर अंबाडीच्या आतल्या बाजूच्या गावचं. बाप दारूपायी गेला. त्याच्या चितेला अग्नी देऊन केसरीनाथ तडक वज्रेश्वरीला गेला आणि देवीच्या पायरीवर हात ठेवून बोलला की, दारूचा वास माझा उंबरा ओलांडणार नाही. शिमग्याला चुलतभाऊ झोकांड्या खात दारात आला, तर त्याचा हात याने कोपरात उलटा केला. हाड मोडल्याचा आवाज अख्ख्या चाळीने ऐकला. देवीचं नाव घेऊन माणूस इतका निर्दय होऊ शकतो, याचं तेव्हा कुणाला नवल वाटलं नव्हतं. उलट, "पोरगा असावा तर असा," असंच बाया म्हणाल्या होत्या.

आणि त्या औषधात स्पिरिट होतं. तेलात औषध विरघळावं म्हणून घातलेलं. वास यायचाच. बकुळाला हे ठाऊक होतं. घरी सोडताना तिने लडकूला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "दादाच्या देखत पिऊ नकोस. तो कामावर गेला की घे."

गुरुवारी सकाळी ती कामतघरला पोचली. गल्लीच्या दोन्ही बाजूंनी लूमची धडधड चालू होती, जमीनसुद्धा थरथरत होती. या धडधडीत ती वाढली होती. तिचं माहेर दोनच गल्ल्या पलीकडे, वडील नगरपालिकेत होते. लडकूची आई ठमाबाई दारातच तांदूळ निवडत बसली होती.

"आली गं बाय! ये, आत ये. बघ या पोराकडं जरा. संडासातनं भायेर येत न्हाय, पोट धरून बसतो."

लडकू खाटेवर बसला होता. बकुळाने त्याचे तळहात उलटे केले. लाल, भाजल्यासारखे. कानाच्या पाळ्याही लाल. दंडावर नुसतं पकडलं तिथे जांभळा डाग उठला. मगज सुटला होता.

"लडकू, खरं सांग. औषध घेतोस की नाही?"

"ताई, आयेची आन. रोज घेतो."

तिने आधी त्याचं रक्त काढलं, कुपी बर्फाच्या थर्मासमध्ये ठेवली आणि म्हणाली, "आता माझ्यासमोर घे. रोज घेतोस तसंच."

लडकूने खाटेखालच्या चिंध्यांच्या गोणीतून बाटली काढली. नळीने औषध मोजून घेतलं, अगदी शिकवलं होतं तसं. मग मोरीवरचा निळा प्लास्टिकचा मग उचलला, त्यात औषध सोडलं, वर दूध ओतलं, ढवळलं आणि एका दमात प्यायला. तोंड वाकडं करून त्याने मग खाली ठेवला.

बकुळाने मग उजेडात धरला. आतून चारी बाजूंना पिवळट तेल चिकटून बसलं होतं. तिने बोट फिरवलं, तरी निघेना. हे औषध प्लास्टिकला सोडत नाही.

"काचेचा ग्लास सांगितला होता ना रे मी तुला? काचेचाच म्हणून?"

लडकूने आईकडे बघितलं. ठमाबाईच बोलली.

"काच कुठली गं आमच्यात? ह्यांचा बाप पिऊन आला की ग्लास माझ्या टाळूवर फोडायचा. हे बघ." तिने पदर मागे सारला. केसांच्या फटीत पांढरे वळ होते. "तो मेला, माझ्या हातातल्या बांगड्या गेल्या, तवापासनं ह्या घरात काच न्हाय. केसरीने आरसासुदिक भायेर टाकला. मंग पोरगं मागणार कुणाकडं, आणि काय म्हणून?"

पोरगं इमानाने औषध पीत होतं आणि ते औषध तो प्लास्टिकचा मग गिळत होता. तिने ग्लास काचेचा हवा म्हणून बजावलं होतं, पण या घरात काच का नाही हे विचारायचं तिला सुचलं नव्हतं.

तेवढ्यात बाहेरची धडधड एकदम थांबली. लाईट गेली होती. कामतघरात लाईट गेली की कारखान्यातून माणसं बाहेर सांडतात, कुणी चहाला, कुणी घराकडे. दारात अंधार झाला. केसरीनाथ उभा होता. अंगावर कापसाची लव, कमरेला पाना खोचलेला.

"अरे, डॉक्टरीणबाई! कधी आलात?" तो हसत आत आला, लडकूच्या शेजारी खाटेवर बसला, त्याच्या खांद्यावर हात टाकला. आणि थांबला. नाकपुड्या फुगल्या.

"हा कर."

"दादा..."

"हा कर म्हनतो ना!"

त्याने लडकूचा जबडा मुठीत धरून उघडला, नाक जवळ नेलं. पुढचं इतक्या झटकन झालं की बकुळा नळीचं टोपण हातात धरूनच राहिली. पहिल्या थपडेने लडकू खाटेवरून खाली गेला. दुसरी पाठीत बसली, मग लाथ पोटात.

"माझा मगज अंगात घेऊन दारू पितोस? माझा मगज! हाडं फोडून दिला तुला! त्याला दारू पाजतोस, भिकारचोट?"

"केसरीदादा, औषध आहे ते! थांबा!" बकुळा मध्ये पडली. त्याचं कोपर तिच्या ओठावर बसलं, तोंडात रक्ताची चव आली. थर्मास कलंडला, कुपी खाटेखाली घरंगळली.

"बाजूला व्हा बाय! तुमच्याकडं दारूला औषध म्हनत असतील, आमच्याकडं न्हाय म्हनत!"

"आमच्याकडे पंचशील घेतात, केसरीदादा!" ती ओरडली. एवढ्या मोठ्याने ती जन्मात बोलली नव्हती. "पाचवं शील दारूला न शिवण्याचंच आहे! मी रोज म्हणते ते!"

त्याने ऐकलं नाही. गोणीजवळची बाटली त्याच्या हाती लागली होती. त्याने टोपण उघडून हुंगलं, फरशीवर ठेवली आणि पान्याने घाव घातला. काच खोलीभर उडाली. पिवळं तेल फरशीच्या भेगांत शिरलं. मग तोच पाना उचलून तो लडकूकडे वळला. ठमाबाई लेकाच्या अंगावर पालथी पडली. त्याने आईला दंडाला धरून उचललं आणि भिंतीकडे भिरकावलं. तिचं डोकं भिंतीवर आपटल्याचा आवाज आला. ती उठली आणि परत येऊन पालथी पडली.

"मार! आधी मला मार!"

समोरच्या खोलीतले अन्सारीचाचा बनियनवरच धावत आले. त्यांनी मागून केसरीनाथच्या दोन्ही काखांत हात घातले.

"अरे छोड़ दे केसरी! मर जाएगा लड़का! पागल हो गया क्या?"

"मरू दे! बापासारखा मरण्यापेक्षा आत्ता मरू दे!"

झटापटीत लडकूचा सदरा फाटला होता. तो कुशीवर वळला, पाठ उघडी पडली आणि केसरीनाथचं लक्ष तिकडे गेलं. त्या पाठीवर, सगळ्यांच्या देखत, काहीतरी उगवत होतं. पाच बोटं. आधी लाल, मग जांभळी, मग काळपट. बोटांच्या कडा सुजत, पसरत एकमेकांत मिसळत चालल्या होत्या. पोटावर लाथ बसलेली जागा पिकल्या वांग्यासारखी झाली होती. लडकूच्या नाकातून रक्त येत होतं आणि ते थांबत नव्हतं. थेंब थेंब नव्हे, नळ थोडा उघडा राहावा तसं.

पाना खाली पडला.

"ह्याला काय झालं?" केसरीनाथचा आवाज एकदम बारीक झाला. "एवढं न्हाय मारलं मी. आये, एवढं न्हाय मारलं गं."

"त्याचं रक्त गोठत नाही अजून," बकुळा म्हणाली. ती गुडघ्यांवर बसून लडकूचं नाक चिमटीत दाबून धरत होती. तिच्या ओठातलं रक्त त्याच्या कपाळावर पडत होतं. "गाडी आणा, चाचा. कुठलीही आणा."

अन्सारीचाचांच्या पुतण्याचा कापडाचा टेम्पो गल्लीच्या तोंडाशी माल भरत होता. निम्मे तागे रस्त्यावरच उतरवले आणि उरलेल्या ताग्यांवर लडकूला आडवं केलं. बकुळाने खाटेखालची कुपी शोधून काढली, तो निळा मगही पिशवीत टाकला आणि चढली. ठमाबाईने पदर ओढून घेतला, देवीचं नाव घेतलं आणि तीही चढली. केसरीनाथ शेवटी चढला आणि भावाचं डोकं मांडीवर घेऊन बसला. लडकू त्याच्याकडे बघत नव्हता.

टेम्पो ठाण्याच्या खाडीशी आला. लडकूला उलटी झाली, ती काळी होती. पांढऱ्या ताग्यांवर तो डाग पसरत गेला.

"ते दारू न्हाय तर मंग काय व्हतं?" केसरीनाथने विचारलं.

बकुळाने क्षणभर डोळे मिटले. वॉर्डातला रिवाज तिला आठवला. मग तिने त्या रिवाजाला मनातल्या मनात हात जोडले आणि तो सोडून दिला.

"त्यात थोडं स्पिरिट आहे. म्हणजे दारूच म्हणा, मी खोटं नाही सांगणार. पण ते तुमच्या मगजाला आवरायला लागतं."

"माझ्या मगजाला?"

"तो लडकूच्या अंगात रुजलाय. पण त्याला लडकू परका वाटतो. म्हणून तो त्याला मारतोय, आतून. हे तळहात बघा. हे तुम्ही आज मारल्याचं नाही. त्याचं पोट जातंय, तेही त्यामुळेच. औषध नीट पोटात गेलं तर मगज गप राहतो. ते जात नव्हतं. प्लास्टिकच्या मगाला चिकटून राहत होतं, कारण तुमच्या घरात काचेचा ग्लास नाही."

केसरीनाथने भावाच्या लाल तळव्यांकडे बघितलं. आपला एक हात त्याने उचलला, कुठे ठेवावा कळेना, म्हणून परत खाली घेतला.

"मंग काढून घ्या," तो म्हणाला. "माझं मला परत द्या. त्याला काय करायचंय ते माझ्या अंगात करू द्या."

"आता नाही निघत, दादा. त्याचा स्वतःचा उरलाच नाही. तुमचाच आहे त्याला."

ठमाबाईने तोंडात पदर कोंबला.

इस्पितळात लडकूला सरळ आत घेतलं. पोटात रक्त साचलं होतं. त्याला रक्त गोठवणाऱ्या पेशी हव्या होत्या आणि त्या जुळणार होत्या फक्त केसरीनाथच्या. त्याच्या दोन्ही हातांत जाड सुया घालून त्याला यंत्राला जोडलं. एका हातातून रक्त निघत होतं, यंत्रात फिरत होतं, दुसऱ्या हातातून परत जात होतं. दोन्ही हात बांधलेले, खाजवायलासुद्धा मोकळे नव्हते. "डोळे पुसून द्या जरा," त्याने नर्सला सांगितलं.

लडकूची कातडी पुढचे काही दिवस सोलून निघाली. तळहाताची साल मोज्यासारखी उतरली. रात्रंदिवस तो ओरडायचा आणि ते ओरडणं जिन्यावर बसलेल्या केसरीनाथला ऐकू यायचं. तो तिथून हलला नाही. आत मात्र गेला नाही.

बकुळाने आपलं काम केलं. निळा मग तिने द्रावकाने धुतला आणि ते धुवण यंत्रात घातलं. कागदावर रेघ सरसरत वर गेली, बाकी सगळ्यांच्या रेघांच्याही वर. तिने तो कागद आणि मग दोन्ही विभागप्रमुखांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी मग हातात घेतला, आत बघितलं, तिच्या सुजलेल्या ओठाकडे बघितलं.

"त्याचं नाव राहू दे," ते म्हणाले. "आणि प्रत्येकाला आता विचारायचं, घरात काय काय आहे ते." कागद फाइलमध्ये ठेवत म्हणाले, "त्या भावाला पोलिसात द्यायला पाहिजे होतं तू."

"ते लडकूला विचारून ठरवू, सर."

लडकूचा जीव वाचला. एका सकाळी त्याची शिरेतली सलाईन काढली आणि औषध पुन्हा तोंडाने द्यायचं ठरलं. हे आदल्या दिवशी कळताच केसरीनाथ वज्रेश्वरीला जाऊन भिवंडीच्या बाजारातून आला होता. कागदात गुंडाळलेलं काहीतरी त्याने बकुळासमोर उलगडलं. काचेचा ग्लास होता, नवा, बाजारातला.

"मी देतो त्याला," तो म्हणाला. "माझ्या हातानं. देवीला सांगून आलो. शपथ मोडल्याचं काय असंल ते ती माझ्याकडनं घेईल."

बकुळाने त्याला माप दाखवलं. त्याने नळी उजेडात धरून औषध मोजलं. वास आला तरी त्याने तोंड फिरवलं नाही. दूध घातलं, ढवळलं. लडकूच्या खोलीत तो पहिल्यांदाच शिरला. ठमाबाई पायाशी बसली होती. लडकू उशीला टेकून होता. चेहऱ्यावर नवी, पातळ, गुलाबी कातडी आली होती.

"लडक्या, पी," केसरीनाथ म्हणाला आणि ग्लास पुढे करायला हात उचलला.

लडकूचे दोन्ही हात डोक्यावर गेले. गुडघे पोटाशी आले. तो खाटेच्या कडेला असा सरकला की ठमाबाईने धरला नसता तर खाली पडला असता. केसरीनाथचा हात तिथेच राहिला. ग्लासातलं दूध हिंदकळून त्याच्या मनगटावर आलं.

"मी... मी औषध देतोय रे," तो म्हणाला. "दादा हाय मी."

लडकूने हात काढले नाहीत. हातांच्या आडून तो बोलला, "ठेव खाली."

"तुझ्यासमोर पाया पडतो. हात तोडून घे माझा. पण पी."

"ठेव खाली. आणि भायेर जा. तुझ्या हातनं न्हाय प्यायचा मी."

केसरीनाथने बकुळाकडे बघितलं. दवाखान्यात सगळेच शेवटी तिच्याकडे बघायचे, माप चुकलं तर ती बरोबर करील म्हणून. पण ती त्याच्याकडे बघत नव्हती, ग्लासाकडे बघत होती. थोडा वेळ गेला तर औषधाचं तेल दुधावर तरंगायला लागेल, दूध निवेल, पोरगं ओकेल.

"ठेवा दादा," ती मऊ आवाजात म्हणाली. "आणि जा."

त्याने ग्लास स्टुलावर ठेवला, अगदी अलगद. मागे मागे सरत तो दारापर्यंत गेला. उंबऱ्यावर थांबला. तिथून त्याला बघायचं होतं, एवढंच. लडकू पितो का ते.

"मी गावी जानार," लडकू आईला म्हणाला. "अंबाडीला. कामतघरला न्हाय येनार मी परत." मग बकुळाला म्हणाला, "ताई, दार लावा."

बकुळा दाराशी गेली. केसरीनाथ तसाच उभा होता, दोन्ही हात शरीरापासून लांब धरून, जणू ते कुठे लागू नयेत. त्याच्या कोपरांत सुयांचे निळे डाग होते. तिच्या मनात आलं, एक शब्द बोलावा, आणि मग तिने दार लावलं.

लडकूने ग्लास उचलला आणि एका दमात प्यायला. तळाशी राहिलेलं दूध ठमाबाईने थोडं पाणी घालून पुन्हा ढवळून दिलं. तेही तो प्यायला.